बोलणं बंद, खेळणं चालू

नामदेवआबा गेल्यावर कारेगावात शोकसभा झाली, तेव्हा मी रजा टाकून गेलो होतो. माईकपुढे एकामागून एक माणसं आली. कुणी दूध संस्थेचं काढलं, कुणी नळपाणी योजनेचं, तर कुणी एमआयडीसीची मोजणी चालू असताना आबांनी साहेबलोकांना बाभळीखाली कसं ताटकळत ठेवलं होतं त्याचं. एका वक्त्याने त्यांना वटवृक्ष म्हटलं. आबा ऐकायला असते तर शेजारच्याला कोपर मारून म्हणाले असते, "वडाखाली काय उगवत न्हाई, ते बी सांग म्हणावं त्याला." बोलले ते सगळं खरंच होतं. पण हा माणूस साठी उलटल्यावर पॅडल शिकला, ही गोष्ट मात्र कुणी काढली नाही. शोकसभेत ती शोभली नसती हे मला मान्य आहे, म्हणून इथे सांगतो.

पॅडल म्हणजे टेनिसचं धाकटं भावंड. मैदान लहान, मधे जाळी, दोन्ही बाजूंना दोन-दोन गडी, आणि भोवती काचेच्या भिंती. चेंडू एकदा जमिनीवर आपटून मागच्या काचेला लागला तरी खेळ संपत नाही. काचेवरून तो परत येतो आणि दुसरा टप्पा पडायच्या आत तुम्ही तो मारू शकता. रांजणगावच्या कारखान्यांत पुण्याहून येणाऱ्या अधिकाऱ्यांना संध्याकाळी काही विरंगुळा हवा, या विचाराने आबांच्या पुतण्याने कारेगावच्या शिवेवर, जिथे पूर्वी कांदा निघायचा त्या तुकड्यात, असं एक मैदान बांधलं. गावाने त्याचं नाव ठेवलं काचघर. पहिले काही दिवस लोक बाहेर उभे राहून आतल्या साहेबांना घाम आलेला बघायचे आणि समाधानाने घरी जायचे.

आबा माझे घरमालक. मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो आणि आबांच्या मळ्यातल्या खोल्यांच्या रांगेत शेवटची खोली माझी होती. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए क्वालिटी" म्हटलं की मी ओ द्यायची. बुटका, रुंद बांधा, पांढरा नेहरू शर्ट, लेंगा आणि कडक टोपी. उभा जन्म त्यांनी संस्थांच्या मीटिंगांत काढलेला, त्यामुळे घरातलं बोलणंसुद्धा त्याच भाषेत. भाजी कोणती करायची हे ठरलं की "ठराव मंजूर". जेवता जेवता शांताकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, काही नवीन काढलं की "हा आयत्या वेळचा विषय हाय, अध्यक्षांच्या परवानगीनं घ्यायचा." अध्यक्ष अर्थात तेच. दूध संस्थेचे पोटनियम त्यांना तोंडपाठ होते आणि कुठल्या नियमात कुठे फट आहे हे त्याहून पाठ होतं.

एका रविवारी सकाळी माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीवर धप्प धप्प असा आवाज सुरू झाला. आदल्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. वैतागून बाहेर आलो तर आबा लेंगा वर खोचून भिंतीसमोर उभे, हातात पॅडलची भोकाभोकांची बॅट. त्या बॅटला ते झारा म्हणत.

"आबा, हे काय चाललंय?"

"झोपला व्हतास व्हय?"

"हो."

"आता उठलाच हायस तर तेवढा चेंडू आण. गोठ्यात गेलाय."

मी तक्रार करायला आलो होतो. चेंडू घेऊन परत येईपर्यंत मी त्यांचा जोडीदार झालेलो होतो. "चार गडी लागत्यात या खेळाला," ते म्हणाले, "दोन आपुन झालो." माझा होकार त्यांनी गृहीत धरला, म्हणजे विरोधी सूचना न आल्याने ठराव एकमताने मंजूर झाला.

काचघरात शिकवायला दिनेश नावाचा कानपूरकडचा एक माणूस होता. त्याने आजवर पुण्यातल्या क्लबांत मोठमोठ्यांना शिकवलं होतं, पण आबांसारखा विद्यार्थी त्याच्या नशिबी आला नव्हता. पुतण्याच्या हट्टाखातर आबांनी खेळाचे बूट घातले. चड्डीचा विषय मात्र निघताक्षणी फेटाळला. "चड्डीवर मी फकस्त हिरीत उतरतो," असं म्हणाले. मैदानात शिरल्यावर आधी त्यांनी ते पावलांनी मोजलं, या काचेपासून त्या काचेपर्यंत, मग आडवं. नंतर दिनेशला विचारलं, "हद्द कुठवर म्हणायची? ह्या पांढऱ्या रेघेपतुर का काचंपतुर?"

दिनेशने समजावलं की सर्व्हिसपुरती रेघ, बाकी काच आपलीच.

"म्हंजी बांध बी आपला," आबा म्हणाले. "मग बरंय."

सर्व्हिस कमरेखालून करायची असते हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "म्हशीला पेंड टाकल्यागत?" पण ते त्यांना लवकर साधलं, कारण पेंड त्यांनी खरोखरच टाकलेली होती. साधलं नाही ते सोडणं. पॅडलमध्ये नवख्या माणसाला सगळ्यात आधी हेच शिकवतात, की जोरात आलेला चेंडू मारायला धावू नका, जाऊ द्या, काचेवर लागून तो स्वतःच तुमच्याकडे येईल. आबा काही सोडायला तयार नव्हते. प्रत्येक चेंडूवर झारा उगारून तुटून पडायचे, तो हुकायचा, मागे काचेवर आपटायचा आणि येऊन त्यांच्या पाठीत बसायचा.

"छोड़ दो, आबाजी, आने दो," दिनेश ओरडायचा.

"दारात आलेलं सोडायचं? आमच्यात न्हाई तसलं."

शांताकाकी बाहेर बाकावर लसूण सोलत बसलेल्या असायच्या. एकदा असाच चेंडू पाठीत बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "सोडलेलं परत येतं, हे कळायला यास्नी काचंच्या डब्यात शिरावं लागलं." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी आपला म्हातारीची थट्टा म्हणून हसलो.

आबा खेळाडू म्हणून बेतास बात होते. पंच म्हणून जबरदस्त होते. चेंडू आत पडला की बाहेर, यावर त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे बांधाचं भांडण तहसील कचेरीत नेण्यासारखं होतं. ते रेघेजवळ उकिडवे बसायचे, खोट्या गवतावर पसरलेल्या वाळूतल्या खुणेवर बोट ठेवायचे आणि "ही बघा खूण" असं इतक्या शांतपणे म्हणायचे, की समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांची शंका यायची. ती खूण बहुतेक वेळा कुणाच्या तरी बुटाची असायची. मी त्यांना एकदा बाजूला घेऊन म्हणालो, "आबा, तो चेंडू आत होता." ते म्हणाले, "आत व्हताच की. पण त्यांनी हरकत घेतली का? हरकत न्हाई तर विषय संपला."

पण त्यांचा खरा डाव निराळाच होता. समोरचा माणूस सर्व्हिसला चेंडू आपटायला लागला, की आबा जाळीपलीकडून जिव्हाळ्याने विचारायचे, "गाव कोणतं म्हणालात तुमचं?" माणूस थांबायचा, गाव सांगायचा. मग आडनाव, मग बायकोचं माहेर, मग मेव्हणी कुठे दिली. शिरूर, दौंड, श्रीगोंदा या टापूतला माणूस असला तर तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला आबा नातं काढायचेच. एका कारखान्याचे प्लांट हेड होते, तरणेबांड, कॉलेजात टेनिस गाजवलेले. त्यांचा स्मॅश आला की मी खाली बसायचो. त्यांच्या बायकोचं आजोळ न्हावऱ्याचं निघालं. आबांनी झारा काखेत मारला, जाळीपाशी गेले आणि म्हणाले, "अवं, मग तुम्ही तर आमचं जावई. तुमच्या सासूबाईंनी मला राखी बांधलीय."

बिचाऱ्याने तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला. त्यानंतर स्मॅश बंद. मामेसासऱ्याच्या छातीवर चेंडू मारायचा कसा? तो अलगद उंच चेंडू द्यायचा आणि आबा तो निर्दयपणे त्याच्या पायात मारायचे. सामना जिंकल्यावर मी विचारलं, "खरंच राखी बांधली होती का?"

"बांधली असंल की. कितीतरी जणींनी बांधलीय. मी काय हिशेब ठेवलाय?"

अशा माणसाला या वयात हे खूळ कशाने लागलं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. शेवटी शांताकाकींनीच सांगितलं. मी त्यांच्याकडे विरजण आणायला गेलो होतो. आबा घरात नाहीत हे बघून त्यांनी फोन काढला आणि एक फोटो दाखवला. पॅडलचं मैदान, एक पोरगी हसतेय, हातात बॅट, शेजारी ताठ उभा पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा.

"ही वैशू," काकी म्हणाल्या. "आमची."

त्या घरात मुलगी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. वैशालीने दौंडच्या एका मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा रेल्वेत, घराणं मराठी ख्रिस्ती, वडील शमुवेलराव रेल्वेत गार्ड होऊन रिटायर झालेले. लग्न पुण्याला रजिस्टर झालं आणि त्यानंतर तिने आबांना फोन केला. आबांचा राग धर्मावर किती आणि त्या फोनवर किती, हे काकींनाही नक्की सांगता येत नव्हतं. "यास्नी शेवटी कळलं, ते लागलं," त्या म्हणाल्या. "सबंध गावाचा निकाल ह्यांच्या ओट्यावर लागायचा, आन् घरातला फोनवर." त्या दिवशी आबा भावकीसमोर बोलून बसले, की त्या घरात पाय ठेवणार नाही आणि त्या घरातल्या माणसाशी बोलणार नाही. गोष्टीला काही वर्षं झाली होती. काकी चोरून फोन करायच्या. आबा ऐकू येत नसल्याचं सोंग घेऊन शेजारच्या खोलीत बसायचे, आणि काकी मुद्दाम मोठ्याने बोलायच्या.

मग दौंडहून बातमी आली. एका मंगल कार्यालयवाल्याने आपल्या लॉनच्या कडेला पॅडलचं मैदान टाकलं होतं, वैशू तिथे शिकली होती आणि तिने सासऱ्यालाही शिकवलं होतं. हे गार्डसाहेब कुणाजवळ तरी म्हणाले होते, की शिरूर तालुक्यात आपल्या तोडीचं कुणी असेल तर पाठवा. दुधाच्या टँकरच्या ड्रायव्हरने ती बातमी कारेगावात पोचवली. दुसऱ्याच दिवशी आबांनी पुतण्याकडून झारा मागून घेतला होता.

मला राहवलं नाही. विहिरीच्या कठड्यावर बसलो असताना मी आबांना सरळ विचारलं.

"भावकीत बोललोय, क्वालिटी. आज माझा शब्द मीच फिरवला, तर उद्या त्याला कुत्रं विचारणार न्हाई."

"मग दौंडला कसे जाणार?"

"पाय ठेवणार न्हाई म्हणालो ते त्यांच्या घरात. मैदान काय त्यांचं घर न्हाई. बोलणार न्हाई म्हणालोय. खेळणार न्हाई असं कुठं म्हणालोय?" आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पोटनियमातली फट सापडल्यावर ते संस्थेच्या सचिवाकडे बघत असणार. "त्यानं माझी पोर नेली, आन् वर मलाच आव्हान देतोय. त्याला काचंला चिकटवून येतो."

गार्डाला हरवायचं होतं की पोरीला बघायचं होतं, हे त्यांनी स्वतःला तरी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. मला मात्र त्या संध्याकाळपासून त्यांच्यासोबत खेळताना हसू कमी आणि भीती जास्त वाटायला लागली. हा डाव बिघडला असता तर दुसरी फट शोधायला त्यांच्याकडे फार वर्षं उरलेली नव्हती.

दौंडच्या मैदानाला फोन मी केला, नाव न सांगता, 'कारेगावची टीम' एवढंच. पुढची जुळवाजुळव काकींनी केली, आणि ती काय केली हे आम्हाला तिथे जाऊनच कळलं. न्हावऱ्यावरून दौंडला जाताना गाडी मी चालवत होतो. आबा शेजारी, टोपीला नवी घडी, झारा मांडीवर. काकी मागे डबा घेऊन. सगळ्या वाटेत आबा एकदाच बोलले. "तिथली काच आपल्यागतच असती का, का वायली?"

दौंडात पोचलो तर मंगल कार्यालयात लग्न. गाडी लावायला जागा नाही, मांडवात ही गर्दी, माईकवर कुणीतरी आमदारांपासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांचं स्वागत करतंय. मैदान त्याला लागूनच, मधे फक्त एक कापडी पडदा. दारात गार्डसाहेब उभे होते. इस्त्रीची पांढरी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, मिशा विंचरलेल्या. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि "राईट टाइम" असं म्हणाले. त्यांच्यामागून त्यांची जोडीदारीण बाहेर आली. ती वैशू होती.

आबांनी मागे वळून काकींकडे पाहिलं. काकी मांडवाच्या कमानीवरची फुलं खरी आहेत की प्लॅस्टिकची, हे फार बारकाईने बघत होत्या.

"जय ख्रिस्त," गार्डसाहेब म्हणाले.

"क्वालिटी," आबा म्हणाले, "त्यांना रामराम सांग."

मी सांगितला. असा तो सामना सुरू झाला. जाळीच्या अलीकडून पलीकडे चेंडू जात होता आणि शब्द माझ्यातर्फे जात होते. "त्यांना सांग, बाहेर गेला." "त्यांना म्हणावं, सर्व्हिस पुन्यांदा करा." गार्डसाहेबही काही कमी नव्हते. चेंडू जाळीला लागून आमच्याकडे पडला की ते मान झुकवून मला म्हणायचे, "प्रभूची कृपा, असं तुमच्या आबासाहेबांना सांगा." आबा मला म्हणायचे, "कृपा न्हाई, जाळी ढिली हाय, असं सांग." माझी निम्मी ताकद निरोप पोचवण्यात जात होती.

आणि मग माझ्या लक्षात आलं की नियमाने करावी लागणारी सर्व्हिस सोडली तर आबा वैशूकडे एकही चेंडू मारत नाहीत. समोर कच्चा गडी कोण ते बघून त्याच्यावरच तुटून पडायचं, हे त्यांनी मला शिकवलं होतं. इथे ती जाळीपाशी मोकळी उभी असली तरी ते वाकडी वाट करून गार्डसाहेबांकडेच चेंडू घालायचे, त्यात गुण गमवायचे आणि इकडेतिकडे बघायचे. कुणाचं गाव विचारणं नाही, नातं काढणं नाही. काढायचं ते नातं समोर उभंच होतं. पहिला सेट आम्ही हरलो. दुसऱ्यात गार्डसाहेबांचे गुडघे बोलायला लागले म्हणून कसाबसा जिंकलो.

तिसऱ्या सेटमध्ये वैशूने बॅट खाली केली आणि जाळीपाशी आली.

"आबा, माझ्याकडं मारा की. मी काय पाव्हणी हाय व्हय?"

"क्वालिटी, तिला सांग..." आबा म्हणाले. मी थांबलो. ती पण थांबली. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली आणि सर्व्हिस केली. ती सर्व्हिस तिच्याकडे गेली. तिने परत केली. आबांनी पुढचा चेंडू जीव खाऊन तिच्या अंगावर मारला. तिने तो मारला नाही. बाजूला झाली, जाऊ दिला, काचेवरून येऊ दिला आणि सावकाश उचलून आमच्या डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात टाकला. आम्ही दोघं बघत राहिलो. गुण त्यांना मिळाला, पण आबांच्या तोंडावर जे होतं ते हरलेल्या माणसाचं नव्हतं. बाकावरच्या काकींना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बघ, असं सोडायचं असतं." त्यांना स्वतःला ते अजून जमत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. गोरज मुहूर्त होता. लाऊडस्पीकर आमच्या काचेलाच टेकलेला, त्यामुळे खेळ थांबवण्यावाचून इलाज नव्हता. पडद्याच्या फटीतून लग्नघरची एक बाई ताट घेऊन आत आली आणि आम्हाला सगळ्यांना अक्षता देऊ लागली. आमच्याकडे लग्नाच्या आवारात उभा असलेला माणूस कोण, कशाला आला, हे कुणी विचारत नाही. हात पुढे केला की अक्षता मिळतात. दिल्या की टाकायच्या. गार्डसाहेबांनीही बॅट काखेत धरून ओंजळ पुढे केली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत उभा जन्म गेलेला माणूस, त्यांनी किती लग्नांत अक्षता टाकल्या असतील. काकींनी घेतल्या, मी घेतल्या, वैशूने घेतल्या, आबांनी घेतल्या.

पहिलं 'सावधान' झालं. आम्ही सगळ्यांनी पडद्याकडे तोंड करून चार चार दाणे टाकले. आबांची मूठ मिटलेलीच होती. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. दुसरं कडवं सुरू झालं तसे ते चालत जाळीपाशी गेले. वैशू पलीकडे उभी होती, पडद्याकडे बघत. 'सावधान' झालं आणि आबांनी मूठ उघडली ती तिच्या डोक्यावर.

तिने वळून पाहिलं. मग मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. घामाने ओल्या केसांत तांबडे दाणे चिकटले होते. पुढच्या प्रत्येक 'सावधान'ला आबा तिच्यावर अक्षता टाकत राहिले. हातातल्या संपल्यावर त्यांनी हात मागे केला आणि मी माझ्या त्यांना दिल्या. गार्डसाहेबांनी आपल्या ओंजळीतल्या जाळीवरून त्यांच्या हातात ओतल्या. काकींनी तोंडाला पदर लावला होता. मला रडू आलं हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मंगलाष्टकं संपून बँड वाजायला लागला तसा मैदानाचा रखवालदार धावत आला. हिरव्या गवतावर जिकडेतिकडे तांदूळ. "आता खेळ बंद," तो म्हणाला. "झाडल्याबिगर कुणी पाय टाकायचा न्हाई. घसरून हाड मोडलं तर कोण जबाबदार?" आबांनी एरवी त्याला नियमात गुंडाळून वाद घातला असता. ते फक्त "बराबर हाय" म्हणाले. तिसरा सेट तिथेच राहिला. बाहेर पडताना त्यांनी मला सांगितलं, "सामना अर्धा राहिलाय, ध्यानात ठेव. तहकूब सभा परत घ्यावी लागती." मी मान हलवली.

अक्षता दिलेल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. लग्नघरच्यांनी हाताला धरून आम्हाला पंगतीत नेलं. गार्डसाहेब बसले, मी बसलो, पलीकडच्या बायकांच्या रांगेत काकी आणि वैशू एकमेकींना चिकटून बसल्या. केसातल्या अक्षता तिने झटकल्या नव्हत्या. आबांसाठी माझ्या शेजारी पान मांडलं होतं, पण ते बसेनात. उभे राहून पंगतीकडे बघत होते. मग वाढप्याच्या हातातलं जिलबीचं ताट त्यांनी काढून घेतलं. टोपी, लेंगा आणि खाली भडक निळे बूट असल्या वेशात ते रांगेतून निघाले आणि गार्डसाहेबांसमोर येऊन थांबले.

मला वाटलं आता म्हणतील, क्वालिटी, त्यांना विचार जिलबी पाहिजे का. मी तोंडातला घास गिळून तयार राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कुठली फट आहे का, हेही त्यांनी शोधलं नाही.

"घ्या व्याही," आबा म्हणाले.

गार्डसाहेबांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. "नको, आबासाहेब. शुगर आहे."

"आज न्हाई म्हणू नका. पोरीचं लगीन हाय."

गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे वर पाहिलं आणि हात बाजूला घेतले. आबांनी दोन जिलब्या वाढल्या. मग ते पुढे सरकले. वैशूच्या पानावर न विचारता वाढल्या. तिच्या पुढच्या बाईला आग्रह केला, तिच्या पुढच्या म्हातारीला केला, ज्यांचं नाव-गाव ठाऊक नाही अशा सगळ्या पंगतीला ते वाकून वाकून आग्रह करत गेले. एवढा वेळ वाकलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर येतात ते अजून तसेच येतात.

मांडवाच्या टोकाशी एक फेटेवाले गृहस्थ हात जोडत पाहुण्यांची विचारपूस करत होते. आजचे खरे वधूपिते तेच असावेत. हे निळ्या बुटांचे वाढपी आपल्याकडचे की वराकडचे, याचा त्यांना पत्ता लागेना. त्यांनी अदबीने विचारलं, "पाव्हणं, आपुन कुणीकडचं?"

"मी मुलीचा बाप," आबा म्हणाले, आणि पुढच्या पानावर जिलबी वाढली.